पहिला खरीप : कोणती बातमी धरायची, कुणाला विचारायचं आणि कधी

मे महिना लागला की फोन तापायला लागतो. कुणीतरी ‘मॉन्सून यंदा लवकर’ असं टाकतं, कुणी बियाण्याची जाहिरात, कुणी ‘शेतकऱ्यांसाठी आनंदाची बातमी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला व्हिडिओ. शहरातली नोकरी सोडून किंवा सांभाळून शेताकडे वळलेल्या माणसाला यातलं सगळंच महत्त्वाचं वाटतं. मलाही वाटायचं. आता माझी सवय अशी आहे की बातमी ऐकली की दोनच गोष्टी बघायच्या: ती माझ्या महसूल मंडळाला (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाला) लागू आहे का, आणि कोणत्या तारखेपर्यंत. दोन्हीची उत्तरं नसतील तर ती बातमी चहाबरोबर वाचायची आणि सोडून द्यायची.

खाली लिहिलंय ते लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या जिरायती सोयाबीनला धरून. कापूस किंवा भात घेणार असाल तर पेरणीचा भाग बदलेल. कागदपत्रं आणि विम्याचा भाग जवळपास तोच राहील.

मे महिन्याच्या सुरुवातीला : आधी कागद

बियाण्याच्या आधी सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर नाव कुणाचं आहे ते नीट वाचा. आजोबांचं नाव अजून तसंच असेल, वारसनोंद झालेली नसेल, तर पीक तुमच्या घामाचं असलं तरी विमा, अनुदान, हमीभावाची नोंदणी यांतलं काहीच तुमच्या नावावर होणार नाही. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायला, वेळ लागतो, म्हणून हे काम मेमध्येच सुरू करा. जमीन बटईनं घेतली असेल तर विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. पारावर झालेला तोंडी व्यवहार तिथे चालत नाही.

सातबाऱ्यावरून गट क्रमांक आणि गाव कळलं की तलाठ्याला विचारा, आपलं महसूल मंडळ कोणतं. (तलाठ्याला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं आणि कृषी सहायकाला ‘सहायक कृषी अधिकारी’. गावात मात्र जुनीच नावं चालतात, मीही तीच वापरतोय.) मंडळाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अतिवृष्टी झाली की नाही हे मंडळात मोजलेल्या पावसावरून ठरतं. सोयाबीनसारख्या मुख्य पिकाच्या विम्याचं उत्पन्नही मंडळावरच काढतात. शेजारच्या मंडळात ढगफुटी झाली आणि तुमच्याकडे रिमझिम, तरी टीव्हीवर जिल्हा एकच दिसतो.

तिसरा कागद म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, अॅग्रीस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीचा. ११ अंकी असतो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो बंधनकारक आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि सातबारा-आठ अ घेऊन सेवा केंद्रावर गेलात की नोंदणी होते. सामायिक खातं असेल तर प्रत्येक खातेदाराचा क्रमांक वेगळा निघतो. भाऊ पुण्यात असेल तर त्याला आत्ताच फोन करा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बसतो.

महाडीबीटी या राज्याच्या अनुदान पोर्टलवर औजारं, तुषार संच, ठिबक यांचे अर्ज याच क्रमांकावर होतात. पूर्वी तिथे सोडत निघायची; २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, असा नियम झालाय. म्हणजे ‘बघू नंतर’ म्हणणारा मागे राहतो.

बियाणं : घरचं आहे का बघा

सोयाबीनचं बियाणं दर वर्षी विकत घ्यायलाच हवं, हा समज दुकानदारांना सोयीचा आहे. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक. प्रमाणित बियाण्यापासून आलेलं धान्य नीट राखलं तर पुढची दोन-तीन वर्षं पेरता येतं. अट एकच, उगवण तपासायची.

आमच्याकडे हे काम ओसरीत होतं. गोणपाटाचा तुकडा पाण्यात बुडवून पिळून घ्यायचा, जमिनीवर अंथरायचा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून असं मूठमूठ बी काढून एकत्र करायचं आणि त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे. न निवडता, हे महत्त्वाचं. हात आपोआप टपोऱ्या दाण्याकडे जातो. दहाच्या दहा रांगा मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवायची. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका. सहाव्या-सातव्या दिवशी उघडायची. ज्यांना सरळ, पांढरं, निरोगी मूळ आलंय तेच मोजायचे. वेडावाकडा मोड, बुरशी धरलेला दाणा, नुसता फुगलेला दाणा, हे सगळे नापास. अशा तीन गुंडाळ्या केल्या की सरासरीवर भरवसा ठेवता येतो.

७० किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो पुरतं. ६० ते ७० च्या मध्ये असेल तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं लागतं. किती, ते कृषी सहायकाला आकडा सांगून विचारा. ६० च्या खाली गेलं तर ते बी म्हणून पेरू नका. आमच्या अण्णांनी एका वर्षी ५४ आलेलं बी ‘जमिनीत गेलं की उगवतंय’ म्हणत बांधालगतच्या तुकड्यात टाकलंच. त्या तुकड्यात ऑगस्टमध्ये सोयाबीनपेक्षा गवत उंच होतं.

घरचं नसेल तर महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ), कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्र आधी बघा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे या स्थापनादिनाच्या सुमाराला खरीप मेळावा भरतो आणि विद्यापीठाच्या वाणांचं बियाणं विकायला असतं. एमएयूएस ६१२, एमएयूएस ७१ ही त्यांची नावं कानावर पडतील. राहुरीच्या महात्मा फुले विद्यापीठाचा फुले संगम आमच्याकडे बराच पसरलाय. वाढ जोमदार, पण जास्त दिवसांचा वाण. हलक्या जमिनीत, जिथे सप्टेंबरच्या शेवटी ओल संपते, तिथे लवकर येणारा वाण बरा. बातमीत ‘एकरी विक्रमी उत्पादन’ वाचलंत तर आधी ती जमीन कसली होती आणि पाणी होतं का, हे शोधा.

दुकानात

पिशवीला शिवलेलं लेबल बघा. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं, पायाभूतचं पांढरं, सत्यप्रत बियाण्याचं हिरवट. वाण, लॉट क्रमांक, उगवण टक्केवारी आणि मुदत त्यावर असते. पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट क्रमांक लिहून घ्या. पिशवी वरच्या शिलाईकडून न फाडता तळाकडून उघडा म्हणजे लेबल शाबूत राहतं. पेरून झाल्यावर मूठभर बी, पिशवी, लेबल, बिल एकत्र बांधून माळ्यावर ठेवा. बी उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. हातात काही नसेल तर समितीसमोर तुमचा शब्द आणि दुकानदाराचा शब्द एवढंच उरतं.

खताचं म्हणाल तर डीएपीची ५० किलोची गोणी अनुदानित दरात १३५० रुपयांना आणि युरियाची ४५ किलोची २६६ रुपये ५० पैशांना, हे आकडे पाठ असू द्या. टंचाईच्या दिवसांत ‘डीएपी पाहिजे तर ही बाटली पण घ्या’ असं सांगणारे भेटतात. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. मी पहिल्या वर्षी गुपचूप दोन बाटल्या घेतल्या होत्या. त्या अजून कोठ्यात आहेत.

सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतः मिळवतं, त्यामुळे युरियासाठी रांगेत उभं राहण्याची गरज फारशी नसते. डीएपी मिळत नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेट चालतं, त्यातून तेलबियांना लागणारं गंधकही जातं. किती टाकायचं ते माती परीक्षणावरून ठरवा. मातीचा नमुना पेरणीनंतर काढून उपयोग नाही. नांगरट झाली की लगेच.

पाऊस : अंदाज, मोजमाप आणि वाफसा

आता मुख्य गोष्ट. बहुतेक नवखे इथेच फसतात, मीही फसलो.

शेतीतलं माझं ते दुसरं वर्ष. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी एक दणदणीत सर आली. नाल्याला पाणी, बांधावर बेडूक, ग्रुपवर ‘सुरुवात झाली’चे फोटो. ट्रॅक्टरवाला म्हणाला, आज देतो, उद्या सांगू शकत नाही. मी पेरून घेतलं. पुढे सोळा दिवस आभाळ कोरडं. तात्या, म्हणजे माझे चुलते, पाचव्या दिवशी शेतात आले, खुरप्यानं एक खड्डा केला आणि काही न बोलता मला दाखवला. वरची चार बोटं माती काळी, ओलसर. तिच्याखाली राखेसारखी भुकटी. दाण्यांनी मोड काढले होते आणि ते तसेच वाळले होते. दुबार पेरणीचा खर्च झाला तो झालाच, हंगाम तीन आठवडे मागे गेला.

कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. वर्तमानपत्रात ती एका ओळीची बातमी असते. तुमच्या शेतात किती झाला, हे मात्र तुम्हालाच मोजावं लागतं. सरळ उभ्या भिंतीचा, वर-खाली सारख्याच रुंदीचा डबा उघड्यावर, झाड-भिंतीपासून दूर ठेवा. सकाळी आत पट्टी घालून पाण्याची उंची मोजा. २२ मिलिमीटर पाणी म्हणजे २२ मिलिमीटर पाऊस, इतकं सोपं. रोजचा आकडा वहीत लिहा.

बेरीज शंभरीजवळ गेली तरी लगेच चाड्यावर मूठ धरायची नाही, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला हवा. वीतभर खालची माती मुठीत घेऊन दाबा. लाडू झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा आहे. बोटांना लोण्यासारखी चिकटली तर अजून एक-दोन दिवस थांबा. लाडूच झाला नाही तर ओल खाली उतरलेली नाही.

अंदाज कुणाचा ऐकायचा? भारतीय हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठांची ग्रामीण कृषी मौसम सेवा मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार सल्ला काढतात. ‘मेघदूत’ अॅपवर तो मराठीत मिळतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ घ्या. शेतात काम करताना ते इतर कुठल्याही अॅपपेक्षा जास्त उपयोगी आहे. पिवळा, नारिंगी, लाल इशारा हा जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या गटासाठी नसतो. पाच दिवसांपलीकडचा, तारखेसकट छातीठोक सांगितलेला अंदाज मी बाजूला ठेवतो, सांगणारा कितीही प्रसिद्ध असो. नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा हेही आमच्या घरी आवडीनं वाचतात. पेरणी डब्यावरून होते.

‘मॉन्सून दाखल’ या बातमीचा अर्थही समजून घ्या. २०२५ मध्ये मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. बातमी खरी होती. पण त्यानंतर वारे मंदावले आणि प्रगती जूनच्या मध्यापर्यंत रखडली. मथळा वाचून पेरलेल्यांची जूनभर झोप उडाली होती.

बीजप्रक्रियेचा क्रम विसरू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी पेरणीच्या थोडं आधी रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं. उलट केलंत तर औषध जिवाणूंना मारतं. बी चोळू नका. सोयाबीनची साल पातळ असते, निघाली की तो दाणा गेला. सावलीत सुकवा. पेरणी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल नको, ट्रॅक्टरवाल्याला पहिल्या तासातच माती उकरून दाखवा. जमेल तर रुंद सरी वरंब्यावर पेरा. पाऊस कमी पडला तर ओल धरते, जास्त पडला तर सरीतून पाणी निघून जातं. आणि चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही जुनी जोडी सोडू नका. साधारण १५ जुलैच्या पुढे पेरणी गेली तर सोयाबीनचा हट्ट धरण्यापेक्षा कृषी विज्ञान केंद्राला फोन करून दुसरं पीक विचारा.

उगवून आल्यावर

पहिले वीस दिवस रोज पहाटे शेतात जा. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी रोपं एका रात्रीत खुडून टाकली होती. त्या दिवसा दिसत नाहीत. संध्याकाळी बांधाकडेनं ओली गोणपाटं टाकून ठेवायची, पहाटे उचलायची. खाली त्यांचा गठ्ठा सापडतो. हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बांधाला चुन्याचा पट्टा ओढला तर नव्या येणं कमी होतं. हे एकट्यानं करून भागत नाही, शेजाऱ्यालाही लावायचं कामाला.

पुढे खोडमाशी, चक्रीभुंगा, पानं खाणाऱ्या अळ्या, पिवळा मोझॅक. कृषी विभागाच्या ‘क्रॉपसॅप’ प्रकल्पातून कीड-रोगाचं सर्वेक्षण होतं आणि त्यावरून सल्ले निघतात. त्यात ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हा शब्द येतो: कीड त्या आकड्याच्या वर गेली तरच फवारायचं. शेजाऱ्यानं पंप काढला म्हणून आपण काढायचा नाही. रोपाचा फोटो कृषी सहायकाला पाठवा किंवा किसान कॉल सेंटरला १८०० १८० १५५१ वर विचारा. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत चालू असतं आणि मराठीत बोलतात. राज्य सरकारचं ‘महाविस्तार’ अॅपही २०२५ पासून आहे.

औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघायला शिका. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. दोन-तीन औषधं मनानं एकत्र करू नका, वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका आणि मजुराला तोंड बांधायला कपडा, हातमोजे तुम्ही स्वतः नेऊन द्या. तो मागणार नाही.

जुलै-ऑगस्ट : विमा आणि ई-पीक पाहणी

विम्याबद्दल जुन्या बातम्या अजून फिरतात, त्यामुळे हे नीट वाचा. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपात विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्यानं भरायचा असतो. त्याच वर्षी राज्यानं भरपाईची पद्धतही बदलली: मंडळातल्या पीक कापणी प्रयोगातून निघालेलं उत्पन्न ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पन्नाखाली गेलं तरच पैसे. ‘नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवा’ हा आधीच्या पद्धतीतला सल्ला होता. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय कृषी सहायकाकडून पाहून घ्या, शंका असेल तर १४४४७ या मदत क्रमांकावर विचारा. मुदत साधारण जुलैअखेर असते. वाढेल म्हणून थांबू नका. पीक कर्ज असेल तर बँक आपोआप हप्ता कापते. नको असल्यास मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत लिहून द्यावं लागतं.

मग ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत आपलं पीक आपणच मोबाइलवरून सातबाऱ्यावर चढवतो. खरिपाची पाहणी ऑगस्टमध्ये सुरू होते. फोटो गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत काढावा लागतो, घरी बसून होत नाही. मिश्र पीक असेल तर तूरही नोंदवा. विम्यात एक पीक आणि पाहणीत दुसरं निघालं तर अर्ज बाद होतो. शेतात रेंज नसते हे खरंय. आमच्याकडे लोक पहाटे जातात, तेव्हा जरा बरं चालतं. झाल्यावर नोंदीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पाणी घुसलं तर

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीनं जे झालं ते पाहिल्यावर हा भाग गाळता येत नाही. सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदतीसाठी तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनामा करतात. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा आकडा त्यात बघतात. पाणी असतानाच शेताच्या चारी बाजूंनी तारीख-ठिकाण दिसेल असे फोटो काढा. पंचनामा यादी लागली की आपलं नाव, गट, क्षेत्र तपासा. चूक त्याच दिवशी सांगितली तर दुरुस्त होते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, ते खातं कोणतं हे आधीच माहीत करून घ्या. वडिलांचं आधार कुठल्या तरी बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघतं आणि सगळे बँकेच्या पायऱ्या झिजवतात.

काढणी आणि विक्री

२०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. त्या दरानं विकायचं तर खरेदी केंद्रावर आधी नोंदणी करावी लागते आणि सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद लागते, म्हणजे पुन्हा ती पीक पाहणीच. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. काढलं की लगेच आडतीत नेलं तर ओलाव्याच्या नावानं कटती (वजनात किंवा भावात कपात) लागते. दोन-तीन उन्हं दाखवा. दाणा दातात धरल्यावर कट्‌कन तुटला तर नेता येतो, दबला तर अजून एक दिवस.

पुढच्या वर्षीचं बी ठेवायचं असेल तर तो तुकडा वेगळा मळा. मळणीयंत्रवाल्याला ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवायला सांगा. तो कुरकुरेल, कारण त्याचा वेळ जातो. ताडपत्रीवर सावकाश वाळवा, तागाच्या पोत्यात भरा, पोती लाकडी फळीवर ठेवा आणि चार-पाचच्या वर थप्पी लावू नका. प्रत्येक पोत्यात वाण, गट आणि मळणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका, एक चिठ्ठी बाहेरून शिवा. मे महिन्यात कुठलं पोतं कुठलं, हे कुणालाच आठवत नाही.